कणखरपणाची प्रतिमा, ताण आणि ताट : अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आहाराविषयी आणि आरोग्याविषयी वाचकांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांमध्ये तिथे शिकणारे विद्यार्थी आहेत, तिथल्या रुग्णालयांत काम करणाऱ्या मराठी परिचारिका, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ आहेत, तसेच महाराष्ट्रात राहून हा विषय समजून घेऊ पाहणारे अभ्यासकही आहेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एकच मजकूर दोनदा येऊ नये म्हणून गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लोकांच्या डोक्यातल्या प्रतिमेचा एखादीच्या ताटाशी काय संबंध? खाणे तर ज्याच्या त्याच्या हातात असते ना?

खाणे माणसाच्या हातात असते, पण सर्वस्वी नसते. एखाद्या समाजातील स्त्रियांविषयी ठरावीक साच्यातली समजूत रूढ झाली की तिचा परिणाम अनेक मार्गांनी ताटापर्यंत पोहोचतो. त्या समजुतीमुळे रोज वाट्याला येणारा अपमान आणि सततची सावधगिरी यांचा ताण शरीरावर पडतो. तो ताण बोलून, रडून किंवा मदत मागून हलका करायची सोय तीच समजूत काढून घेते. शेवटी ती स्त्री डॉक्टरांकडे पोहोचली, तरी डॉक्टरही बहुधा त्याच समजुतीच्या चष्म्यातून तिच्याकडे पाहतात. या तिन्ही गोष्टी एकाच स्त्रीच्या आयुष्यात एकदम घडत असतात. त्यामुळे 'कमी खा, जास्त चाला' एवढाच सल्ला तिला अपुरा पडतो.

२. या साचेबंद प्रतिमा नेमक्या कोणत्या आहेत?

मुख्य प्रतिमा चार आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींची मुळे गुलामगिरीच्या काळात आहेत. 'मॅमी' ही गोऱ्या मालकाच्या घरात राबणारी, स्थूल, हसतमुख आणि स्वतःच्या कोणत्याही गरजा नसलेली स्वयंपाकीण. 'जेझबेल' ही वासनांध ठरवलेली स्त्री. गुलाम स्त्रियांवर मालकांनी केलेल्या बलात्कारांचे समर्थन याच प्रतिमेने केले. 'सफायर' म्हणजे सदा कावलेली, तोंडाळ स्त्री. हे नाव विसाव्या शतकातील एका लोकप्रिय विनोदी रेडिओ मालिकेतून आले. चौथी प्रतिमा आहे 'कणखर कृष्णवर्णीय स्त्री'ची. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हिल कॉलिन्स यांनी अशा प्रतिमांना 'नियंत्रक प्रतिमा' म्हटले आहे, कारण त्या स्त्रीचे वर्णन करण्यापेक्षा तिला जागेवर ठेवण्याचे काम करतात.

यांपैकी मॅमीचा संबंध थेट अन्नाशी आहे. पॅनकेकच्या तयार पिठाच्या 'आंट जेमायमा' या ब्रँडने १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन यांना त्या वेषात उभे केले. केंटकीत गुलामगिरीत जन्मलेल्या या स्त्रीने तिथे लोकांना पॅनकेक करून वाढले. ते नाव बाजारातून जाण्यासाठी २०२१ साल उजाडावे लागले. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे अमेरिकेतल्या घराघरांतल्या न्याहारीच्या टेबलावर एक कृष्णवर्णीय स्त्री हसत होती, ती इतरांना वाढण्यासाठी. तिने स्वतः काय खाल्ले, ती केव्हा बसली, हा प्रश्न त्या चित्रात कुठेच नव्हता, आणि तो चित्रातून गळालेला प्रश्न आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो.

३. 'कणखर' म्हणणे तर कौतुक झाले. त्याने कुणाचे काय बिघडणार?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील परिचर्याशास्त्राच्या संशोधक शेरिल वुड्स-गिस्कोंबे यांनी २०१० मध्ये ४८ आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांशी गटागटाने झालेल्या चर्चांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून त्यांनी या कणखरपणाचे पाच पैलू मांडले: आपण खंबीर आहोत हे सतत दाखवत राहण्याचे बंधन, भावना दाबून ठेवण्याचे बंधन, कुणावर अवलंबून राहण्याला किंवा हळवे दिसण्याला विरोध, साधने अपुरी असली तरी यशस्वी व्हायचेच हा हट्ट, आणि स्वतःआधी इतरांना मदत करण्याचे बंधन. स्त्रियांनी याचे फायदेही सांगितले. याच गुणांवर कुटुंबे आणि वस्त्या टिकल्या, हे त्यांना ठाऊक होते. पण त्याच बोलण्यात ताण आला की खूप खाणे, अपुरी झोप आणि स्वतःच्या तपासण्या पुढे ढकलत राहणे हेही आले.

अशा स्त्रीचा एखादा दिवस जवळून पाहिला म्हणजे यातली गुंतागुंत कळते. वृद्धाश्रमात मदतनीस असलेली बाई दुपारी तीनला कामावर जाते आणि रात्री साडेअकराला घरी येते. आठ तास तिने दुसऱ्यांना उचलले, पुसले, भरवले. कुणाच्या तरी नातेवाइकाने तिच्याशी उद्धटपणे बोलल्यावर आवाज चढू दिला नाही, कारण चढला असता तर ती लगेच 'सफायर' ठरली असती. घरी आल्यावर आईच्या औषधांची डबी भरायची आहे, बहिणीने पैसे मागितले आहेत आणि चर्चमधल्या कुणाच्या तरी अंत्यविधीनंतरच्या जेवणासाठी मॅकरोनी-चीजचा ट्रे द्यायचे तिने कबूल केले आहे. ट्रे ओव्हनमध्ये गेल्यावर ती उभ्याउभ्याच पातेल्यातले उरलेले खरवडून खाते, मग चिप्सची पिशवी उघडते. त्या दिवसात तिच्यासाठी राखून ठेवलेला वेळ तेवढाच असतो. त्या खाण्यावर कुणी आक्षेप घेत नाही. ती रडली असती, कामाला नाही म्हणाली असती किंवा समुपदेशकाकडे गेली असती, तर मात्र तिला काय झाले म्हणून सगळ्यांनी विचारले असते.

कणखर म्हणवल्या गेलेल्या बाईला मिळणाऱ्या मोकळिकींपैकी अन्न ही सर्वांत स्वस्त, कायदेशीर आणि कुणाच्या डोळ्यांत न खुपणारी मोकळीक आहे. तिच्या खाण्याचा विचार करताना कौतुकाच्या या शब्दाचा विचार टाळता येत नाही, असे आमचे ठाम मत आहे.

४. ताणामुळे शरीरात प्रत्यक्ष काय होते?

धोक्याची चाहूल लागली की मेंदूच्या आज्ञेवरून मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर येते. धोका टळला की सगळे पूर्ववत व्हावे अशी शरीराची रचना आहे. धोका रोजचाच झाला तर ही यंत्रणा पूर्णपणे विसावत नाही आणि तिचा खर्च हृदय, रक्तवाहिन्या, चयापचय व प्रतिकारशक्ती यांना सोसावा लागतो. ब्रूस मॅकइवेन आणि इलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये या साचत जाणाऱ्या खर्चासाठी 'ॲलोस्टॅटिक लोड' ही संकल्पना मांडली.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, मिशिगन विद्यापीठात दीर्घकाळ काम केलेल्या आर्लिन जेरोनिमस यांनी झिजेचा सिद्धान्त मांडला होता. सामाजिक अन्यायाला सतत तोंड देणाऱ्या माणसांचे शरीर वयाच्या आधीच झिजते, असे त्याचे सूत्र आहे. २००६ मध्ये त्यांच्या गटाने राष्ट्रीय आरोग्य-सर्वेक्षणातील रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांसारख्या मोजमापांवरून हा भार मोजला, तेव्हा तो कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक निघाला आणि हा फरक गरिबीने स्पष्ट होत नव्हता. २०१० मधील त्यांच्याच एका अभ्यासात गुणसूत्रांच्या टोकांच्या लांबीवरून अंदाज केला, तेव्हा ४९ ते ५५ वयाच्या कृष्णवर्णीय स्त्रिया त्याच वयाच्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा शरीराने सुमारे साडेसात वर्षे मोठ्या निघाल्या.

५. पण ताणात तर भूक मरते. मग वजन कसे वाढते?

ताण अचानक आणि तीव्र असेल तर भूक मरते, हे खरे आहे. तो महिनोन्‌महिने रेंगाळला तर उलट होते: वाढलेले कॉर्टिसॉल भूक वाढवते, विशेषतः गोड आणि स्निग्ध पदार्थांची, आणि चरबी पोटाभोवती साठण्याकडे कल होतो. गोड-स्निग्ध खाल्ल्यावर ताणाची जाणीव काही काळ खरोखरच कमी होते, म्हणून ती सवय पक्की होत जाते. यात अपुऱ्या झोपेची भर पडली की भूक आणखी वाढते. सगळ्यांचेच असे होते असे नाही. ताणात खाणे तुटलेल्या स्त्रियाही असतात आणि त्यांच्याकडे लक्ष जायला तर आणखी उशीर होतो (प्रश्न १० पाहा).

६. वंशभेदाच्या अनुभवाचा वजनाशी संबंध असल्याचा काही पुरावा आहे का, की हे सगळे अंदाज आहेत?

पुरावा आहे. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९५ पासून चालवलेल्या 'ब्लॅक विमेन्स हेल्थ स्टडी'त सुमारे ५९,००० कृष्णवर्णीय स्त्रिया सहभागी झाल्या. दुकानात वाईट वागणूक मिळते का, लोक आपल्याला कमी अकलेचे समजतात का, आपल्याला घाबरल्यासारखे वागतात का, असे रोजच्या जगण्यातले प्रश्न त्यांना विचारले गेले. इव्हेट कोझियर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात १९९७ आणि २००९ अशा दोन्ही वेळी असे अनुभव सर्वाधिक नोंदवणाऱ्या स्त्रियांमध्ये लठ्ठपणा येण्याचे प्रमाण सर्वांत कमी अनुभव नोंदवणाऱ्यांपेक्षा ६९ टक्क्यांनी जास्त आढळले.

हे निरीक्षणावर आधारलेले संशोधन आहे; त्यातून संबंध दिसतो, एकाच कारणाची खात्री मिळत नाही. प्रयोगशाळेतले पुरावे वेगळ्या बाजूने येतात. टोरंटो विद्यापीठातील मायकेल इन्झलिक्ट आणि सोनिया कांग यांनी २०१० मध्ये दाखवले की, 'स्त्रियांना गणित जमत नाही' या समजुतीच्या दडपणाखाली परीक्षा दिलेल्या स्त्रियांनी नंतर चव घेण्यासाठी ठेवलेले आइस्क्रीम अधिक खाल्ले. त्या सगळ्या कृष्णवर्णीय नव्हत्या. तरीही एखाद्या प्रतिमेला खोटे पाडण्यात मनाची ताकद खर्ची पडली की खाण्यावरचा ताबा सैल होतो, हे त्यातून दिसते. ज्यांना असा सामना वर्षातून एकदा नव्हे तर रोज करावा लागतो, त्यांच्याविषयी यावरून अंदाज बांधता येतो.

७. त्यांचे 'सोल फूड'च मुळात तेलकट आणि खारट असते ना? दोष अन्नाचाच असेल तर?

सोल फूड, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे पारंपरिक जेवण, फक्त तळणाचे नसते. कोलार्ड आणि शलगमाची पाने, रताळी, भेंडी, चवळी, मक्याची भाकरीसारखी पोळी हा त्याचा गाभा आहे. त्यातली भेंडी आणि चवळी आपल्याही स्वयंपाकघरात रोजची आहेत आणि दोन्हींचे मूळ आफ्रिकेतच आहे. मळ्यांवर गुलामांना आठवड्याचा शिधा म्हणून मोजून मक्याचे पीठ आणि खारवलेले डुकराचे मांस मिळे. भाजीपाला मिळाला तो बहुधा त्यांनी स्वतःच्या छोट्या वाफ्यांत पिकवला म्हणून. चरबीचे आणि मिठाचे तुकडे भाजीला चव देण्यापुरते पडत. साधारण १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिणेतून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले, तेव्हा वाफे मागे राहिले, सणासुदीचे तळण रोजच्यात आले आणि मागाहून त्यात कारखान्यात तयार झालेले अन्न मिसळले.

अन्न या लोकांविरुद्ध हत्यार म्हणूनही वापरले गेले आहे. १९६२-६३ च्या हिवाळ्यात मिसिसिपीतील लेफ्लोर काउंटीने मतदार-नोंदणी करू पाहणाऱ्या कृष्णवर्णीयांना धडा शिकवण्यासाठी सरकारी धान्यवाटपच थांबवले होते. शेजारच्या सनफ्लॉवर काउंटीत नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांनी १९६९ मध्ये सहकारी 'फ्रीडम फार्म' उभे केले आणि कुटुंबांना डुकरांची पिल्ले देण्याची योजना चालवली, ती यासाठी की पोट दुसऱ्याच्या मुठीत राहू नये. या इतिहासानंतर एखाद्या परक्या तज्ज्ञाने येऊन 'तुमचे जेवण वाईट' असे सांगणे कसे लागत असेल, याचा विचार करायला हवा.

सल्ला द्यायचाच असेल तर तो या जेवणाच्या आतूनच देता येतो. १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या 'डॅश' आहाराच्या प्रयोगात निम्म्याहून अधिक सहभागी कृष्णवर्णीय होते आणि फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ यांवर भर असलेल्या या आहाराने त्यांचा रक्तदाब गोऱ्या सहभागींपेक्षा जास्त उतरला. पालेभाजी शिजवताना डुकराच्या खारवलेल्या तुकड्याऐवजी टर्कीचा धुरावलेला तुकडा, कांदा, लसूण आणि व्हिनेगर घालून मीठ कमी करणे ही तिथल्या घरांत आधीपासून चालत आलेली युक्ती आहे. दूध न पचणाऱ्यांचे प्रमाण या समाजात मोठे असल्यामुळे दह्याचा पर्याय मात्र आधीच विचारून घ्यावा.

८. ऑफिसच्या जेवणात माझी कृष्णवर्णीय सहकारी कलिंगड आणि चिकनला हातही लावत नाही. तिला आवडत नसेल का?

कदाचित आवडत नसेल. पण दुसरेही कारण असू शकते आणि ते माहीत असलेले बरे. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी कलिंगडे पिकवून विकायला सुरुवात केली आणि ती त्यांच्या स्वतंत्र कमाईची खूण बनली. ते ज्यांना खुपले त्यांनी व्यंगचित्रांतून आणि पोस्टकार्डांतून त्याच फळाला आळसाचे आणि हावरेपणाचे चिन्ह करून टाकले. चिकनचेही तसेच झाले. व्हर्जिनियातील गॉर्डन्सव्हिल स्थानकावर कृष्णवर्णीय स्त्रिया डोक्यावर ताटे घेऊन गाडीच्या खिडकीशी तळलेले चिकन विकत आणि त्यावर घरे उभी करत. तेच चिकन पुढे कुचेष्टेचा विषय झाले.

त्यामुळे गोऱ्या सहकाऱ्यांसमोर, कागदी प्लेट हातात धरून, काय वाढून घ्यावे याचाही हिशेब काही स्त्रियांना करावा लागतो. त्या समोर सॅलड घेतात आणि घरी जाऊन उपाशी पोटी जेवतात. अशा वेळी तिला आग्रह करू नये आणि 'तू घेत नाहीस?' असे चारचौघांत विचारूही नये.

९. हा शेवटी गरिबीचाच प्रश्न नाही का? शिकलेल्या, पैसेवाल्या स्त्रियांना याची झळ लागत नसेल.

गरिबीचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. १९३० च्या दशकात कृष्णवर्णीय वस्त्यांना नकाशावर लाल रंगात दाखवून घरकर्जासाठी धोकादायक ठरवले गेले. गुंतवणूक न झालेल्या अशा अनेक वस्त्यांत आजही चांगली भाजी मिळणारे दुकान लांब आहे आणि तळलेल्या पदार्थांची दुकाने कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत.

परंतु पैसा आणि पदवी यांनी हा प्रश्न सुटत नाही. रोगनियंत्रण केंद्राच्या २००७ ते २०१६ च्या आकडेवारीनुसार महाविद्यालयीन पदवी असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे गर्भारपणाशी संबंधित मृत्यूचे प्रमाण तेवढ्याच शिकलेल्या गोऱ्या स्त्रियांच्या पाचपट होते. २०२३ मध्येही एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचा दर कृष्णवर्णीय स्त्रियांत ५०.३, तर गोऱ्या स्त्रियांत १४.५ होता. टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांनी २०१७ मध्ये बाळंत झाल्यावर धाप लागताच, आपल्याला पूर्वी झालेल्या रक्ताच्या गुठळ्यांची आठवण देऊन, सीटी स्कॅन आणि रक्त पातळ करणारे औषध मागितले. वेदनाशामक औषधामुळे त्यांना भ्रम झाला असावा असे परिचारिकेला वाटले. स्कॅन झाल्यावर फुप्फुसांत गुठळ्या सापडल्या. जगातील सर्वांत प्रसिद्ध खेळाडूंपैकी एकीला आपले म्हणणे इतके लावून धरावे लागत असेल, तर इतरांचे काय होत असेल? उलट गोऱ्यांच्या कार्यालयात एकटीच कृष्णवर्णीय असलेल्या उच्चपदस्थ स्त्रीवर प्रतिमेचे ओझे अधिकच पडते.

१०. कृष्णवर्णीय स्त्रियांना खाण्याचे मानसिक आजार होत नाहीत असे आम्हांला शिकवले गेले. हे बरोबर आहे का?

नाही, आणि या समजुतीने फार नुकसान केले आहे. स्वतःची उपासमार करण्याचा आजार या समाजात कमी आढळतो, पण थोड्या वेळात ताबा सुटल्यासारखे बेसुमार खाण्याचा, म्हणजे बिंज ईटिंगचा आजार त्यांच्यात चांगलाच आढळतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजाराचे स्थान २०१३ मध्ये मिळाले. तोवर त्याकडे भूक, आळस किंवा स्वभाव म्हणूनच पाहिले जाई.

२००६ मध्ये कॅथरीन गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग या क्षेत्रातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. त्यांनी उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना मेरी नावाच्या काल्पनिक मुलीच्या खाण्याच्या त्रासाचे वर्णन वाचायला दिले. मजकूर तोच, फक्त काहींना ती गोरी, काहींना हिस्पॅनिक आणि काहींना आफ्रिकन-अमेरिकन असल्याचे सांगितले. गोऱ्या मेरीचे वागणे चिंताजनक असल्याचे ४४ टक्के तज्ज्ञांनी ओळखले, हिस्पॅनिक मेरीचे ४१ टक्क्यांनी आणि कृष्णवर्णीय मेरीचे अवघ्या १७ टक्क्यांनी. तिची लक्षणे कागदावर लिहिलेली होती, तरी ती दिसली नाहीत.

११. पण त्या समाजात भरल्या अंगाला मान असतो. त्याने उलट संरक्षण मिळत नाही का?

काही प्रमाणात मिळते. गोऱ्या मध्यमवर्गातील बारीक होण्याचे वेड या समाजात तितके रुजले नाही आणि अनेक कृष्णवर्णीय स्त्रिया स्वतःच्या शरीराविषयी अधिक समाधानी असल्याचे अभ्यास सांगतात. तथापि, शरीर आवडणे आणि खाण्यावर ताबा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न ३ मध्ये वर्णन केलेले खाणे आरशासमोरच्या असमाधानातून येत नाही, थकव्यातून आणि दाबलेल्या रागातून येते. बारीक होण्याची इच्छा आहे का, एवढेच विचारणाऱ्या प्रश्नावल्यांना ते सापडत नाही. शिवाय, 'यांना अंगकाठीचे काही वाटत नाही' हाही एक नवा साचाच आहे.

१२. बीएमआयवरून त्यांच्या आरोग्याविषयी निष्कर्ष काढावा का?

एकट्या बीएमआयवरून, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन सांगणाऱ्या आकड्यावरून, काढू नये. २०१७-१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५६.९ टक्के कृष्णवर्णीय आणि ३९.८ टक्के गोऱ्या स्त्रिया लठ्ठपणाच्या व्याख्येत बसल्या, आणि मधुमेह व रक्तदाबाचा धोका खराच आहे. पण हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी युरोपीय लोकांच्या मोजमापांवरून बनवले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०२३ मध्ये त्याच्या मर्यादा आणि त्याच्या गैरवापराने झालेले नुकसान अधिकृतपणे मान्य केले. एकाच बीएमआयला कृष्णवर्णीय स्त्रियांच्या पोटातील खोलवरची चरबी गोऱ्या स्त्रियांपेक्षा सरासरीने कमी असते आणि आपल्या दक्षिण आशियाई शरीरांत ती जास्त असते. रक्तदाब, साखर, कंबरेचा घेर आणि झोप यांची माहिती घेतल्याशिवाय केवळ आकड्यावर बोलू नये.

१३. व्यायामाविषयी विचारले की केसांचे कारण सांगतात. ही सबब आहे का?

ही सबब नव्हे. सरळ केलेले केस घामाने पुन्हा मूळ रूपात येतात, ते पुन्हा बसवायला तासन्‌तास आणि बरेच पैसे लागतात, आणि नैसर्गिक केस ठेवून कामावर गेल्यास 'अव्यवस्थित' ठरण्याची भीती असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०३ आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात सुमारे ४० टक्के स्त्रियांनी केसांमुळे व्यायाम टाळल्याचे सांगितले. केसांच्या ठेवणीवरून होणारा भेदभाव रोखणारा 'क्राउन' कायदा कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये झाला, म्हणजे ही भीती किती खरी होती ते कळते.

१४. आफ्रिकेतून किंवा कॅरिबियन बेटांवरून आलेल्या स्त्रियांनाही हे सगळे लागू होते का?

जसेच्या तसे नाही. स्थलांतर करून आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे आरोग्य सरासरीने अमेरिकेत जन्मलेल्यांपेक्षा चांगले आढळते आणि मुक्काम वाढत जातो तसा तो फायदा कमी होतो. दोष वंशात किंवा रक्तात शोधणाऱ्यांना हेच पुरेसे उत्तर आहे. नायजेरियन किंवा हैतीयन रुग्णाला सोल फूडविषयी सल्ला देण्याची चूक मात्र करू नये. तिचे जेवण वेगळे आहे.

१५. आपल्याकडच्या बायकाही सगळ्यांच्या शेवटी जेवतात आणि त्रास अंगावर काढतात. मग हेच आपल्यालाही लावता येईल का?

साम्य आहे, म्हणून हा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. पण गुलामगिरी, वंशभेदाचे कायदे आणि त्यांतून घडलेल्या प्रतिमा हा आपला इतिहास नाही. आपल्याकडे जातीने आणि लिंगभावाने घडवलेले साचे वेगळे आहेत आणि त्यांचा अभ्यास स्वतंत्रपणे व्हायला हवा. परदेशातील मराठी कुटुंबांना अधिक जवळचा वाटेल असा एक अभ्यास २०११ चा आहे. अमेरिकेतील आशियाई वंशाच्या तरुणांना 'तुला इंग्रजी येते का?' अशा धर्तीवर विचारून त्यांच्या अमेरिकन असण्यावर शंका घेतली, तेव्हा त्यांनी अधिक 'अमेरिकन' पदार्थ मागवले आणि सरासरी १८२ कॅलरी जास्त खाल्ल्या. डब्यातली भाजी-पोळी लपवून पिझ्झा मागणारी आपली मुले याच दडपणाखाली असतात.

१६. मी अमेरिकेत आहारतज्ज्ञ आहे. पहिल्या भेटीत सुरुवात कुठून करू?

सुरुवात ताटापासून न करता दिवसापासून करावी. ती उठते केव्हा, कामाची पाळी कोणती, शांतपणे बसून शेवटचे कधी जेवली, घरात तिच्यावर कोण कोण अवलंबून आहे आणि तिला बरे नसताना तिच्याकडे कोण पाहते, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नावर पुष्कळदा बराच वेळ उत्तर येत नाही. तेव्हा घाई करू नये. रात्री एकटीने, भूक नसताना, पोट दुखेपर्यंत खाणे होते का, हे सर्व रुग्णांना विचारता तसे तिलाही सरळ विचारावे. वेदना सांगितल्या तर त्या पूर्ण खऱ्या मानाव्यात. व्हर्जिनिया विद्यापीठातील २०१६ च्या अभ्यासात, वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांचा कृष्णवर्णीयांची त्वचा जाड असते यांसारख्या निदान एका खोट्या समजुतीवर विश्वास होता. आपण भारतीय आहोत म्हणून आपण यातून सुटलो, असे मानायला काहीही आधार नाही. रंगाविषयीचे पूर्वग्रह आपण घरूनच बरोबर नेतो.

१७. प्रत्यक्षात उपयोगी पडलेले काही उपाय आहेत का?

आहेत, आणि त्यांतले बरेचसे या स्त्रियांनी स्वतःच शोधले आहेत. आरोग्य-कार्यकर्त्या बिली एव्हरी यांच्या पुढाकाराने जून १९८३ मध्ये अटलांटातील स्पेलमन कॉलेजात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्यावर पहिली राष्ट्रीय परिषद भरली. तिथून सुरू झालेल्या स्वयंसाहाय्य गटांत स्त्रिया वजनकाट्याआधी स्वतःच्या आयुष्यातील हिंसा, एकटेपणा आणि थकवा यांविषयी बोलत. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'गर्लट्रेक'ने रोज अर्धा तास सोबतीने चालण्याचे आवाहन केले आणि ते वजनापेक्षा मैत्रीच्या आणि नागरी हक्क चळवळीच्या आठवणींशी जोडले. कृष्णवर्णीय समुपदेशक शोधून देणाऱ्या सूची, चर्चमधील रक्तदाब तपासणी, रविवारच्या जेवणात तळणाच्या जोडीला वाफवलेली भाजी असे लहान उपायही टिकाऊ ठरतात. यांतल्या जवळजवळ प्रत्येक उपायात स्त्री एकटी नसते, आणि आम्हांला त्यात अर्थ वाटतो.

१८. एखादी रुग्ण स्वतःच म्हणाली, 'मी कणखरच आहे, मला कुणाची मदत नको,' तर तिची समजूत काढावी का?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे, कारण तिचा कणखरपणा नेहमी अपायकारकच असतो असे नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील २०८ आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांवर आमानी ॲलन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कणखरपणाचे पैलू (प्रश्न ३ पाहा) वेगवेगळे तपासले गेले. खंबीर दिसणे आणि भावना आवरणे हे पैलू भेदभावाच्या आघातापासून शरीराचे काहीसे रक्षण करताना दिसले. यशाचा अतोनात हट्ट आणि इतरांना मदत करण्याचे बंधन यांनी मात्र शरीरावरचा भार वाढवला. शत्रुभावाने भरलेल्या जागी चेहरा आवरता येणे ही काही स्त्रियांसाठी खरोखरच ढाल असते आणि ती काढून ठेवायला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून तिच्या कणखरपणाशी वाद घालू नये. तिने पत्करलेल्या जबाबदाऱ्यांची तिच्यासमोरच यादी करावी आणि त्यांतले एखादे काम पुढच्या भेटीपर्यंत दुसऱ्या कुणाकडे देता येईल का, हे तिलाच ठरवू द्यावे. मग ते चर्चचा ट्रे असो, आईची औषधे असोत की शनिवारची जादा पाळी. पुढच्या भेटीत वजन करण्याआधी त्या कामाचे काय झाले ते विचारावे.